रुईच्या खोलीची कडी

प्लायवूडचं एक मॉडेल, एक इंचाला चार फूट या मापाचं. ग्राफ पेपरवर काढलेले अकरा नकाशे. जुन्या सागवानी फळ्यांचं एक टेबल, आणि त्या टेबलावर लिहिलेली चारशे बारा पानं... हे सगळं मी माझ्या हातानं केलं. शिक्षण दहावी नापास, दुकान मोटर रिवाइंडिंगचं. कुणाकडे शिकायला गेलो नाही, हे मुद्दाम सांगतो.

पानं कादंबरीची आहेत. काळ वऱ्हाड मध्यप्रांतात होता तेव्हाचा, माणसं माझ्या मनातली. पण इमारत खरी... अमरावतीहून चांदूर बाजारकडे जाताना लागणारं, कधीचं बंद पडलेलं कापसाचं एक जिनिंग. मनातल्या भिंतीला टेप लावता येत नाही, म्हणून इमारत उभी असलेलीच घ्यायची, हा माझा हट्ट.

कादंबरीचा शेवट असा होता. रुईच्या खोलीत, म्हणजे सरकी काढलेला कापूस ठेवतात तिथं, आग लागते. शेजारच्या हॉलमध्ये रेच्यांवर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांवर, चाळीस बाया कामाला. त्यात फिटर नारायणची बायको काशी पण. नारायण रुईच्या खोलीत शिरतो, जाळ हॉलमध्ये जाऊ नये म्हणून लोखंडी दार ओढतो, आतून कडी लावतो... आणि आतच संपतो.

ज्याला ज्याला वाचून दाखवलं, तो रडला. मुंबईच्या एका निर्मात्यापर्यंत गोष्ट गेली, त्याला सिनेमा करायचा होता. म्हणाला, जागेचे फोटो पाठवा.

म्हणून गेल्या सोमवारी परत गेलो. एरवी मी बाजाराच्या दिवशीच जायचो. जिनिंगच्या आवारात एक कुटुंब भाजी लावतं. बाजाराच्या दिवशी ते सगळे बाहेर, म्हणजे मोजमाप करताना कोणी अडवत नाही... एवढी माझी हुशारी.

या वेळी बाजार नव्हता, मेथीच्या वाफ्यात त्या कुटुंबातल्या सकूबाई बसलेल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, आवाज खणखणीत.

"कोन्या खात्याचे हो तुमी? काय मोजून राहिले? रस्ता येऊन राहिला काय इथून?"

म्हटलं, "खात्याचा नाही मावशी, पुस्तक लिहून राहिलो. या जिनिंगवर."

"पुस्तक? अन् त्याले टेप कायले पायजे बाप्पा?"

मला राग आला, पण त्यांची सासू याच हॉलमध्ये कामाला होती असं त्या म्हणाल्यावर गेला. मी मॉडेलचे फोटो दाखवले, नारायणची गोष्ट सांगितली. रंगवून सांगितली. शेवट ऐकून ही बाई रडेलच, अशी खात्री होती.

सकूबाई हसल्या.

"आतून कडी? रुईच्या खोलीले आतून कडी काहून राहीन? आतून कडी असती त मानसं आत बसून बिड्या फुकत राहिले असते ना! सासू सांगे माही... रुईत बिडीचा इस्तो नको म्हनून आतून काहीच ठेवलं नोतं."

मी म्हटलं, दार सात फूट बाय साडेचार, मी स्वतः मोजलंय. "बाहेरून मोजलं असन," त्या म्हणाल्या. खरं होतं. त्या खोलीत त्यांच्या टोपल्या असतात, आणि बाजाराच्या दिवशी तिला कुलूप. आतली बाजू मी माझ्या घरच्या दारावरून धरली होती... सहा वर्षं.

त्यांनी कुलूप काढलं. मी आत गेलो, टॉर्च मारली. पत्रा, रिवेटा... कडी नाही, कडी काढल्याचं भोकही नाही. तेवढ्यात बाईंनी बाहेरून दार लोटलं आणि कडी सरकवली.

"आता उघडा, लेखक!"

मी दार चाचपलं. बोट अडकवायलाही जागा नव्हती. बाहेरून त्या धापा टाकत म्हणाल्या, "लय जोर लागते भाऊ या कडीले. दोनी हात लावा लागते, खांदाई द्या लागते."

अर्धं मिनिट असेल ते. त्या बंद खोलीत मला कळलं की नारायणनं कडी लावलीच नाही. लावूच शकत नव्हता. आणि दोन हात, खांदा लागतो म्हणजे ती चुकून लागलेली पण नाही. हॉलच्या बाजूनं, दाराच्या सगळ्यात जवळच्या रेच्यावर मी पहिल्याच प्रकरणात काशीला बसवलेलं होतं...

कडी काशीनं लावली. मागं एकोणचाळीस बाया, आत नवरा.

दार उघडल्यावर सकूबाई माझ्याकडे पाहतच राहिल्या. "घाबरले काय? पानी देऊ?" म्हटलं, द्या. त्यांनी पाणी दिलं, मेथीची जुडी पण दिली. मी त्यांचे पाय धरले, तर म्हणे, "काय करून राहिले हो, मेथीच त दिली."

घरी येऊन मॉडेलच्या दाराची आतली कडी पक्कडीनं उपटली. शेवटची सत्तर पानं फाडली. बायको म्हणाली, "आता पुन्हा सहा वर्षं?" म्हटलं, लागू दे. काशी कडी लावते तिथून पुढं ती कशी जगते, हे लिहायचं आहे.

निर्मात्याला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अहो, कडी आतून लावून घेऊ ना, वीस मिनिटांचं काम आहे. बायकोनंच कोंडलं तर लोक हिरोसाठी कसे रडतील?" परवा त्याचा शेवटचा फोन आला. जिनिंग तेच, गोष्ट तीच, नाव माझं मोठ्या अक्षरात... फक्त कडी आतून. चार लाख रुपये.

मी नाही म्हटलं.