भंडारा लावलेला बिल्ला

आक्काबाईंचा राग नुसता येऊन जात नाही, तो ओसरीवर बसतो आणि जेवल्याशिवाय उठत नाही, असं डाळजचे लोक म्हणतात. मी तो राग एकदा जवळून पाहिला. त्यातला थोडा माझ्याही अंगात उतरला, म्हणून ही हकिकत मला शांतपणे सांगता येणार नाही.

आक्काबाईंचा जन्म मेंढरांमागं गेला. पावसाळा सरला की बिऱ्हाड घोड्यावर टाकून निघायचं आणि पोरं वाटेतच वाढवायची. नवरा आबाजी गेले, तेव्हा चारायला रानं उरली नव्हती आणि चालायला सोबत. त्यांनी मेंढरं विकली आणि धरणाच्या पाण्याकडेच्या तुकड्यात ऊस लावला. मेंढरांच्या वाड्यातली एकच वस्तू त्यांनी ठेवली, लोकर कातरायची लोखंडी कातर. दर खंडेनवमीला ती कातर पाटावर यायची, तिला देवाच्या हळदीचा भंडारा लागायचा आणि घरातल्या प्रत्येकाला आपापलं हत्यार तिच्या शेजारी ठेवावं लागायचं. सून शिवणाची कात्री ठेवायची, नात छकुली कंपासपेटी ठेवायची. यातून कुणाला सुट्टी नव्हती.

मुलाचं नाव दादासाहेब. साहेबपण फक्त नावात. इंदापूरला आयटीआय करून तो लोणी देवकरच्या एमआयडीसीत लागला, आणि तिथंच आमची ओळख झाली. मी करुणा, इंदापूरची. आमचा कारखाना पाइपांच्या आणि टाक्यांच्या वेल्डिंगचे फोटो काढायचा. फोटो म्हणजे गॅमा किरणांचे. एका जड पेटीत किरणोत्सारी धातूची बारीक गोळी असते. त्या पेटीला सगळे कॅमेरा म्हणतात. हँडल फिरवलं की गोळी तारेवरून नळीत पुढं जाते, जोडापाशी थांबते आणि जोडाच्या पलीकडं लावलेल्या फिल्मवर आतली भेग उमटते. मग गोळी उलटी फिरवून पेटीत आणायची. दादासाहेब हँडल फिरवायचा आणि मी अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायचे.

आमच्या प्रत्येकाच्या छातीवर एक बिल्ला असायचा. तुमच्या अंगावर किती किरण पडले ते त्यात साठतं. ठरावीक काळानं बिल्ले मुंबईला जातात, तिथं ते मोजतात आणि आकडा जास्त आला तर विचारणा होते. बिल्ला एवढंच करतो. मोजतो. पण आमच्याकडं निम्म्या लोकांना वाटायचं की तो छातीवर असला की किरण लागत नाहीत. मालक बापूसाहेबांनी हा समज कधी खोडला नाही. उलट नवा माणूस घाबरला की ते त्याच्या छातीवर थाप मारून म्हणायचे, "बिल्ला आहे ना? मग काय भ्यायचं?" आक्काबाईंनी याच शब्दावर मुलाला तिथं पाठवलं होतं.

हे सगळं घडलं त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट आधी सांगायला हवी. खंडेनवमीला कारखान्यात सगळ्या यंत्रांची पूजा झाली. कॅमेरा चौरंगावर ठेवला, त्याला हार घातला, आणि कुणाच्या तरी डोक्यात आलं की बिल्लेही आपली हत्यारंच. सगळे बिल्ले कॅमेऱ्याच्या पाठीवर ओळीनं मांडले, वर हळदकुंकू वाहिलं आणि दसऱ्याची सुट्टी संपेपर्यंत तसेच ठेवले. पेटी कितीही जड असली तरी अगदी अंगाशी थोडे किरण बाहेर येतातच. मुंबईहून फोन आला की तुमची सगळी माणसं भाजली की काय! फक्त माझा आकडा साफ होता. मी धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी घरी होते आणि माझा बिल्ला अंधाऱ्या खोलीत खुंटीला होता. तिथून तपासणीचे साहेब आले, रागावले, जाताना हसलेही. मग ती गोष्ट एमआयडीसीभर चहासोबत सांगितली गेली. मीही हसले होते. तिचा पुढं काय उपयोग होणार आहे, हे तेव्हा फक्त बापूसाहेबांना कळलं असावं.

पुढच्या वर्षी बिल्ल्यांची पूजा बंद झाली. हे ऐकून आक्काबाई चिडल्या.

"वरीसभर तुला राखतंय त्ये, आन सणाला त्येला कुकू सुदिक न्हाय? घरी आण. माज्या पाटावर ठिवते."

बिल्ला कारखान्याबाहेर न्यायचा नाही, असा नियम. पण आक्काबाईंना नाही म्हणायचं म्हणजे घर सोडायची तयारी हवी. दादासाहेबानं बिल्ला खिशात घालून नेला. कातरीशेजारी तो सणभर बसला आणि भंडारा लावून घेऊन पिवळा होऊन परत आला.

दसऱ्यानंतर कामाची घाई होती. प्रत्येक फोटोनंतर किरण दाखवणारा मीटर घेऊन जायचं आणि गोळी पेटीत परत आली का ते बघायचं, हा या धंद्यातला पहिला धडा. आमचा मीटर बिघडला होता. दुसरा आणेपर्यंत काम थांबवायला हवं होतं. बापूसाहेब म्हणाले, "हँडल पूर्ण फिरलं म्हणजे गोळी आत. इतकी वर्षं करतोयस, तुला मीटर कशाला लागतो?" त्या दिवशी हँडल पूर्ण फिरलं, पण गोळी तारेवरून सुटून नळीतच राहिली. दादासाहेब जोडापाशी गेला आणि पुढचा जोड लावायला त्यानं नळी उजव्या हातात धरली. काही दुखलं नाही, काही दिसलं नाही. किरणांना ना वास ना चटका. थोड्या वेळानं शंका आली म्हणून त्यानं तार ओढून पाहिली, तेव्हा कळलं. सगळे लांब पळाले. गोळी कशीबशी पेटीत घातली आणि बापूसाहेबांनी सगळ्यांना बजावलं की घडलं ते इथंच राहील.

काही दिवसांनी त्याची बोटं लाल झाली, मग फोड आले. "गाडीच्या सायलेन्सरला हात लागला असेल," बापूसाहेब म्हणाले आणि मलम आणून दिलं. मलम! मी दवाखान्याचं नाव काढलं, तर मला म्हणाले, "तू फिल्म धू."

मग मुंबईहून दादासाहेबाचा आकडा आला. मोठा होता. तपासायला साहेब येणार होते. दादासाहेब सरळ माणूस. बिल्ला घरी नेला होता हे त्यानं मालकाला सांगून टाकलं. बापूसाहेबांनी त्याच सरळपणाची दोरी करून त्याच्या गळ्यात घातली. "बिल्ला घरी नेलास म्हणजे गुन्हा तुझा. साहेब आले की सांगायचं, यंदाही पूजेला कॅमेऱ्यावर ठेवला होता. गेल्या वर्षी ऐकलंय त्यांनी, यंदाही ऐकतील. तुझी नोकरी राहील, माझा परवाना राहील." तो हो म्हणाला. घरात बायको, मुलगी आणि आई. मी त्याला दोष देत नाही.

पण मालक एवढ्यावर थांबले नाहीत. म्हातारी कुठंतरी बोलून बसेल म्हणून ते फळं घेऊन डाळजला गेले आणि तिला सांगून आले, "आजी, तुमच्या भंडाऱ्यानं बिल्ला बिघडला. त्यामुळं पोरगं अडचणीत आलंय. आता गप्प राहा." हे आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. सत्तरीची बाई! तिनं भंडाऱ्याची पिशवी देव्हाऱ्यातून काढून फळीवर टाकली आणि जेवण सोडलं.

मी दादासाहेबाचा हात बघायला गेले, तर आक्काबाई भिंतीकडं तोंड करून बसलेल्या. ओसरीवर येऊन बसणारा तो राग कुठं दिसत नव्हता.

"करुणे, म्याच माज्या लेकाचा हात जाळला," त्या म्हणाल्या. "भंडाऱ्यानं त्येचं राखणं मोडलं."

"आक्का, भंडाऱ्यानं काही होत नाही. आणि बिल्ला राखत नसतो. फक्त मोजतो."

"राखत न्हाय?"

"नाही."

"मंग मालक म्हणलं व्हतं त्ये?"

"खोटं," मी म्हणाले. त्यांना कळायला तेवढं पुरलं. मी सगळं सांगितलं, नळी, मीटर, आणि साहेबांपुढं दादासाहेब काय बोलणार आहे तेही. कोपऱ्यात तो मान खाली घालून बसला होता, उजवा हात रुमालात गुंडाळलेला. आक्काबाईंनी त्याच्याकडं पाहिलं नाही. त्या उठल्या आणि सुनेला म्हणाल्या, "भाकरी वाढ." राग परत आला होता.

साहेब आले त्या दिवशी बापूसाहेबांच्या केबिनमध्ये चहा, काजू आणि जुने किस्से चालले होते. दादासाहेब उभा होता, हात खिशात. बापूसाहेब सांगत होते, "काय करणार साहेब, आमची धनगरं ही अशी. सांगून ऐकत नाहीत. पुन्हा बिल्ला कॅमेऱ्यावर ठेवला यानं पूजेला." साहेब गेल्या वर्षीचं आठवून हसले. त्यांनी दादासाहेबाकडं मान वळवली. "खरं का?"

"व्हय," दादासाहेब म्हणाला.

तेवढ्यात दार ढकलून आक्काबाई आत आल्या. मागं मी होते, आणि मला बाहेर जा म्हणायची कुणाची छाती झाली नाही. त्यांनी पिशवीतून कातर काढली आणि काजूच्या ताटलीशेजारी टेबलावर आपटली. वर भंडाऱ्याची पिशवी ठेवली.

"लेक माजा भितोय, मी न्हाय भीत. बिल्ला माज्या घरी हुता. ह्या कातरीच्या अंगाला. खोटं बोलायचं तर सोताच्या नावानं बोला, बापूसायेब. माज्या देवाच्या नावानं न्हाय."

बापूसाहेब हसायला लागले. "आजी, तुम्हाला काय कळतंय..."

"बिल्ला बगा की," आक्काबाई साहेबांना म्हणाल्या. "तुमच्यापाशीच हाय न्हवं?"

साहेबांनी बॅग उघडून दादासाहेबाच्या बिल्ल्याचं प्लास्टिकचं घर काढलं. त्याच्या खाचेत पिवळी पूड बसलेली. कारखान्याच्या पूजेत हळदीबरोबर कुंकूही असायचं, इथं लाल कणसुद्धा नव्हता. साहेबांचं हसू गेलं. त्यांनी दादासाहेबाला हात दाखवायला सांगितलं. त्यानं रुमाल सोडला. दोन बोटांची टोकं काळी पडली होती.

मग आक्काबाई साहेबांच्या समोर गेल्या.

"सायेब, त्यो बिल्ला राखत न्हाय, मोजतो म्हनं. मंग त्येनं मोजलं की. सांगितलं बी तुमास्नी. तुमी हितं येऊन मालकाला इचारलं. ज्येच्या छातीवर हुता त्येचा हात तर बगितला न्हाय तुमी."

साहेबांनी मान खाली घातली, एवढं त्यांच्या बाजूनं सांगते. कॅमेऱ्याला त्याच दिवशी सील लागलं. दादासाहेबाला मुंबईला नेलं, रक्त तपासलं. त्याचा जीव वाचला, पण दोन बोटं पेरापर्यंत काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, पहिल्याच दिवशी आणलं असतं तर कदाचित वाचली असती. हा कदाचित मला रात्री झोपू देत नाही. बापूसाहेबांचा परवाना गेला. त्यांनी पेंटचं दुकान टाकलं आणि ते अजून लग्नांत पहिल्या पंगतीला बसतात.

मी आता दुसरीकडं काम करते. तिथं मीटर नसेल तर मी फिल्म धुवायला घेत नाही, आणि भांडखोर बाई म्हणून माझं नाव झालं आहे. होऊ दे.

यंदा खंडेनवमीला आक्काबाईंनी मला जेवायला बोलावलं. पाटावर कातर होती, सुनेची कात्री होती, छकुलीची पेटी होती. दादासाहेब लांब खांबाला टेकून बसला होता. त्याच्याकडं ठेवायला काही नव्हतं. नोकरी गेली, बिल्ला गेला, आणि उजव्या हातानं खुरपंही नीट धरवत नाही.

"हिकडं ये," आक्काबाई म्हणाल्या.

तो आला. त्यांनी त्याचा उजवा हात धरून पाटावर ठेवला, कातरीशेजारी. दोन थोट्या बोटांवर भंडारा लावला.

"हत्यार ह्ये हुतं रं," त्या म्हणाल्या, "आन आमी बिल्ला पुजत बसलो."