भोंग्यातला कॉम्प्युटर

आमच्या धंद्यात किस्से कधी आटत नाहीत. परतवाड्याच्या स्टँडमागे आमचं अनाउन्समेंट रेकॉर्ड करायचं दुकान. साड्यांचा सेल, हरवलेली जनावरं, मयत, सगळ्याला आवाज माझा. भोंगा लावलेल्या ऑटोतून गावभर मीच बोलते.

तर आमचे मालक सुधाकरभाऊ यांनी आवाज काढणारा कॉम्प्युटर आणला. "ताई, याले पगार नाई, खोकला नाई. तुमी या महिन्यापुरत्या या." भांडवलशाही बदलतेय, असं टीव्हीवर ऐकलं होतं, ती थेट माझ्या खुर्चीवर येऊन बसली. घर माझ्याच पगारावर चालतं. घाबरले मी.

पहिला मान साड्यांच्या सेलला. कॉम्प्युटर इतकं शुद्ध आणि नम्र बोलला, की एका गल्लीतल्या बायकांनी पटापट दारं लावून घेतली. त्यांना वाटलं, लाइट बिलाच्या वसुलीवाले आले.

ऑटोवाले बबनभाऊ तर दुपारीच परत आले. "ताई, थो मधात श्वासच घेत नाई. ऐकून ऐकून मलेच दम लागून राहिला."

मग धारणी रोडवरच्या एकाचा बैल हरवला. कॉम्प्युटरला सेल काय, बैल काय, आनंद सारखाच. त्यानं इतक्या उत्साहात सांगितलं, की एकानं फोन करून विचारलं, "बैलावर सूट किती हाय?"

मालक म्हणाले, "शिकंल थो हळूहळू." तो शिकला तर आपलं काय, या विचारानं मला जेवण जाईना.

त्यातच गावातले एक जुने किराणावाले वारले. त्यांच्या मुलानं, विलासनं, अंत्ययात्रेची अनाउन्समेंट दिली. मालकांनी कॉम्प्युटरला सवयच लावून ठेवलेली, प्रत्येक जाहिरातीचा शेवट एकच. गावभर ऐकू गेलं, "अंत्ययात्रा दुपारी चार वाजता राहत्या घरून निघेल. आजच या, अशी संधी पुन्हा नाही, स्टॉक संपेपर्यंत!"

दुसऱ्या दिवशी विलास दुकानात हजर. मालकांनी आधीच हात जोडले. मला वाटलं, आता हा कॉलर धरतो. पण तो शांतपणे खुर्चीवर बसला.

"भाऊ, सारं गाव लोटलं. बाबाचं कोनाशी पटत नवतं, तरी पाय ठेवाले जागा नाई राहिली."

"मग?" मालकांनी भीत भीत विचारलं.

"तेरवीचं मात्र ताईच्या आवाजात पायजे. एवढ्या लोकायले जेवाले घालनं मले जमनार नाई."

मालकांनी कपाटातून माझा माईक काढला, पुसला आणि माझ्यासमोर ठेवला. "ताई, पुढच्या महिन्यातबी या."

माझा जीव भांड्यात पडला. घसा खाकरून मी विलासला विचारलं, "किती कमी लोक पाहिजेत?"