डाळ शिजते ते घर

भागीरथेला कुणी विचारलं, "मोठी पोरगी किती साली झाली वो तुमची?" तर ती साल सांगत नसे. म्हणायची, "बैठकीत फरशी बसून राहिली होती, तवाची." धाकटीचा जन्म धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छपरावर, माती पडत होती तेव्हाचा. घराला रंग लागत होता त्या वर्षी सासरे गेले. तिच्या संसाराचं पंचांग हे असं चुन्यामातीत कालवलेलं होतं.

तिचे यजमान जानराव अकोल्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत कारकून होते. होळीपर्यंत कापसाचा हंगाम सरला की त्यांच्या हाताला काम उरत नसे आणि हात शिवशिवायला लागत. मग ते गावभर फिरून एखादं पडकं, कमी भावातलं घर हुडकायचे आणि बायको-पोरींसकट त्यात राहायलाच जायचे. घर दुरुस्त करायचं आणि वर दुसऱ्या घराचं भाडंही भरायचं, हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं. भागीरथा चूल मांडायची आणि तिच्या भोवतीनं भिंती पडायच्या, उठायच्या. भाकरीवर चुना उडाला तर जानराव म्हणायचे, "पानात लावून खातेच ना आपन चुना!" दिवाळीपर्यंत घर उजळायचं, कोनाड्यात कुठं काय ठेवायचं ते तिच्या हाताला उमगायचं, आणि मग गिऱ्हाईक यायचं.

जानरावांचं शास्त्र सोपं होतं. "घराचं तोंड धुवाचं," ते म्हणायचे. "गिऱ्हाईक दारातून येते, धाब्यावरून नाई येत." म्हणून दाराला हिरवा ऑइलपेंट, बैठकीत शहाबादी फरशी, अंगणात मधोमध तुळशीवृंदावन. मागच्या खोलीत शेणाचं सारवण आणि धाब्यावर पांढऱ्या मातीचा पातळसा थर, म्हणजे दोन पावसाळे निघायचे. तिसऱ्या पावसाळ्यात घर दुसऱ्याचं झालेलं असायचं.

प्रत्येक घरात वृंदावन बांधलं जाई, पण भागीरथेची स्वतःची तुळस डालड्याच्या डब्यात होती. वृंदावनातली विकायची, डब्यातली आपली. टांग्यात सामान चढलं की ती डबा मांडीवर घेऊन बसायची.

भागीरथा वरूडची. संत्र्याच्या बागांचा मुलूख, विहिरींना पाणी कसं, तर नारळासारखं. अकोल्यात आली आणि पहिल्याच दिवशी सासूनं तिला वरण करायला सांगितलं. दुपार झाली, सरपण संपलं, तरी डाळ पातेल्यात खड्यांसारखी नाचतच होती. खारपाणपट्ट्यातलं मचूळ पाणी. त्या दिवशी ती जी रडली, ते सासूच्या बोलण्यानं नव्हे, डाळीनं. पुढे शेजारणीनं खाण्याचा सोडा दाखवला. चिमूटभर टाकला की डाळ शिजते म्हणण्यापेक्षा हार मानते. रंग जरा काळपट येतो, जिभेला बुळबुळीत लागतं, पण घरच्यांना तेच वरण वाटत आलेलं असतं.

नळ तेव्हा थोड्याच आळ्यांत आले होते. त्यामुळे घर घ्यायला जोडपं आलं की नवरा भिंती वाजवून पाही आणि बायको डाळ शिजवून पाही. पदराच्या गाठीत मूठभर तुरीची डाळ बांधूनच बायका यायच्या. "चूल आहे ना पेटलेली? मंग ठेवा जराशी," असं सहज म्हणायच्या. त्यावर घराचा भाव ठरायचा. जानरावांनी विकलेल्या साऱ्या घरांच्या विहिरी खाऱ्या होत्या आणि साऱ्या घरांत डाळ शिजली होती. दाराचा रंग जानरावांचा, सोडा भागीरथेचा. पण आपण लबाडी केली असं तिला वाटत नसे. ती म्हणायची, आपल्याला कुणी सांगितलं होतं का?

एकसष्ट साली एक घर त्यांनी सूर्यभान अडत्याला विकलं. त्याची बायको पंचफुला मोठी ठसक्याची. तिनं गाठीतली डाळ दिली, पाटावर बसली आणि चुलीवरची नजर हलवेना. भागीरथेनं मिठाच्या हातानंच सोडा सोडला. डाळ मऊ झाली. पंचफुलानं दोन बोटांत दाणा चिरडून पाहिला, चाटला आणि नवऱ्याला म्हणाली, "घ्या. पानी बरं हाय." भागीरथेनं तिला हळदकुंकू लावलं.

त्रेसष्ट साली जानरावांनी नदीपलीकडे हलीमाबींचं घर घेतलं. म्हातारी एकटी होती, मुलाकडे अमरावतीला चालली होती. भिंती फुगलेल्या, दरवाजा एका बिजागरीवर. जानराव दरवाजा पाहत होते, तोवर हलीमाबींनी भागीरथेचा हात धरून तिला परसात विहिरीवर नेलं.

"बेटी, घर का क्या, गिर जाता है," म्हातारी म्हणाली. "ये पानी संभालना. इस में दाल अपने आप गलती है. मैं ने तो आग भी कम ही जलाई."

पहिल्या संध्याकाळी भागीरथेनं डाळ चढवली. सवयीनं सोड्याची पुडी हाताशी घेतली. जरा वेळानं झाकण काढलं तर आत डाळ नव्हतीच, नुसतं पिवळं लोणी. ती चुलीपुढे तशीच बसून राहिली. मग तिनं वाटीत वरण घेतलं आणि नवऱ्याआधी जेवली. लग्नानंतर पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी तिनं तुळस डालड्याच्या डब्यातून काढली आणि विहिरीजवळ जमिनीत लावली.

जानरावांनी पाहिलं. "वृंदावन बांधाचं हाय न, त्यात काहून नाई लावत?"

"थे वृंदावन तुमचं. हे माही." मग तिनं धीर केला. "आवो, हे घर नका इकू."

"येड लागलं काय तुले? गोड पान्याचं घर हाय, भाव येईन!"

"म्हनूनच म्हनतो. ठेवा न."

"ठेवाले घेतलं काय? मले का भावाचा तिटकारा हाय?" आणि गोड पाण्याचा भाव अजून वाढावा म्हणून त्यांनी विहीरच खोल करायला काढली. शफी मिस्त्री जुना माणूस, जानरावांच्या साऱ्या घरांचं तोंड त्यानंच धुतलेलं. तो म्हणाला, "जानरावभाऊ, मीठा झरा हाय, त्याले नका छेडू. खाली खारं लागलं तं मले नका बोलू." जानरावांनी ऐकलं नाही. दोन हात खोल केली. झरा गोडच राहिला, पण शफीचं बोलणं जानरावांच्या मनात खड्यासारखं रुतून बसलं.

दिवाळीनंतर ते एकदा हसतच घरी आले. "सूर्यभान येनार हाय उद्या घर पाहाले. बायकोले घिऊन. त्या घराचं पानी खारं झालं म्हनते, बाईनं जीव नकोसा केला त्याचा."

"झालं म्हनते?" भागीरथा म्हणाली.

"पान्याचा काय भरवसा, फिरते," जानराव म्हणाले आणि दाराच्या रंगावर हात फिरवायला गेले.

भागीरथा उठली. गोड पाण्याच्या घरात डाळ शिजणार होती आणि डाळ शिजली की घर जाणार होतं. इतकी वर्षं जे पाणी तिनं लपवलं होतं, तेच आता शोधायला हवं होतं. शोधायचं काय, गावभर तेच होतं. पहाटे ती मागच्या आळीतल्या विहिरीवरून मचूळ पाण्याच्या दोन घागरी घेऊन आली. तिथली एक बाई म्हणाली, "काहून वो, तुमच्या घरी तं अमृत हाय!" भागीरथा म्हणाली, "सारवाले पाह्यजे," आणि घागरी चुलीजवळ मांडल्या.

पंचफुला आली ती गाठ सोडतच. चुलीपुढच्या पाटावर बसली. भागीरथेनं घागरीतलं पाणी घातलं, डाळ घातली, मीठ घातलं. या खेपेला मिठाच्या हातात फक्त मीठ होतं.

बाहेर पुरुषांचं कपाशीच्या भावावर बोलणं चाललं होतं. आत दोघींची नजर पातेल्यावर. चहा झाला, सुपारी झाली. डाळ नाचतच राहिली.

"लय वेळ लागून राह्यला," पंचफुला म्हणाली.

"पाहा न माय. सरपन ओलं हाय," भागीरथा म्हणाली. खोटं बोलायची सवय असूनही तिला हे नीट जमलं नाही. डाळ शिजली असं सांगण्यात ती तरबेज होती, नाही शिजली हे सांगण्यात नव्हती.

जानराव दारात आले, पळीत डाळ पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. शफीचे शब्द त्यांना आठवले असणार. "असं कसं?" ते पुटपुटले. "आजपर्यंत तं..."

"चालतेच असं," पंचफुला म्हणाली. "जराशे हात धुवून येतो." ती परसात गेली. पोहरा वाजला. चूळ भरल्याचा आवाज आला, मग पोहरा पुन्हा वाजला. परतली तेव्हा ओठ पदरानं पुसत होती. तिनं भागीरथेकडे पाहिलं, चुलीजवळच्या घागरींकडे पाहिलं, आणि बैठकीच्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिली.

"भाऊ, पानी खारं हाय," ती जानरावांना म्हणाली.

जानरावांनी मान खाली घातली.

"पन आमाले आता खाऱ्याची सवय झाली. तुमच्याच किरपेनं. घर घेतो आमी. भाव मात्र खाऱ्याचा देऊ. आन् थे जुनं घर तुमी वापस घ्या, त्याची किंमत ह्याच भावात वळती करून."

सूर्यभान बायकोकडे बघतच राहिला. जानराव मात्र घाईला आले. विहीर आपणच बिघडवली, ही गोष्ट गावात फुटायच्या आत घर गेलेलं बरं, असं त्यांना वाटलं. "आता बाईमानूस म्हनते तं..." म्हणत त्यांनी तिथंच बयाणा घेतला.

भागीरथा चुलीपाशी उभी होती. खरं सांगावं, तर सौदा मोडेल, पण जानराव हेच घर दुसऱ्याला दुप्पट भावात विकतील. न सांगावं, तर ते आत्ताच अर्ध्या भावात जाईल. दोन्हीकडून जाणारच होतं. तिनं जाळ मागे ओढला.

निघताना पंचफुला हळदकुंकवाला तिच्यापुढे वाकली आणि हलकेच म्हणाली, "तवा कायनं शिजली, आन् आता कायनं नाई शिजली, हे मले सांगू नको बाई. पोटात ठेव."

खरेदीखत होईपर्यंत भागीरथेला रोज पहाटे मागच्या आळीतून मचूळ पाणी आणावं लागलं. गोड विहिरीच्या काठावर राहून घरानं खारं वरण खाल्लं. जानरावांनी विहिरीकडे पाहणंच सोडलं होतं. टांग्यात सामान चढलं तेव्हा भागीरथेच्या मांडीवर डबा नव्हता. जमिनीत रुजलेली तुळस तिच्यानं उपटवली नाही.

जुन्या घरी आले तर दाराचा हिरवा रंग तेवढा शाबूत होता. पुढच्या पावसाळ्यात मागची खोली गळायला लागली. जानराव धाब्यावर चढले आणि खाली उतरले ते शिव्या देतच. "कोन्या हरामखोरानं केलं हे काम? मातीचा थर हाय का पापड हाय?"

शफी मिस्त्री शांतपणे तंबाखू मळत होता. "तुमीच म्हटलं होतं जानरावभाऊ, गिऱ्हाईक धाब्यावरून नाई येत."

जानरावांनी घर पुन्हा दुरुस्त केलं, या खेपेला धाब्यासकट, कारण खाली तेच झोपत होते. मग गिऱ्हाइकं आणली. पण बायका आता नुसती डाळ नव्हत्या आणत. सोबत मीठही स्वतःचंच आणत आणि भागीरथेला म्हणत, "तुमी बसा वो बाई, मीच घालतो." पंचफुलानं सोड्याचं काही पोटात ठेवलं नव्हतं. ठेवली होती ती फक्त घागरींची गोष्ट.

हळूहळू गिऱ्हाइकं यायची थांबली. जानरावांनी नवी घरं घेणंही थांबवलं, कारण सारा पैसा याच घरात अडकला होता. भागीरथेला आयुष्यात पहिल्यांदा भिंतीत खुंटी ठोकता आली, जिथं तिला हवी तिथं. न विकलं जाणारं घर तिला हवं होतं, ते मिळालं. फक्त डाळ शिजत नव्हती.

एका दुपारी घागर कडेवर घेऊन ती नदीपलीकडे गेली. पंचफुला दारातच होती. "सोडा संपला काय वो?" तिनं विचारलं आणि बाजूला झाली. "भर. पन पोहरा तुया तूच ओढ. आन् थ्या तुळशीले बी पानी घाल, मले येळ नसते." तुळस कंबरेएवढी झाली होती.

त्या रात्री वरण लोण्यासारखं झालं. जानरावांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, तिसऱ्यांदा घेतलं, आणि हात चाटत म्हणाले, "भागीरथे, पानी फिरलं वाटते! म्या म्हनत नव्हतो? हे तं गोड झालं. उद्या पाहतो एखादं गिऱ्हाईक."

दुसऱ्या दिवशी भागीरथेनं घरच्या विहिरीचं पाणी घेतलं आणि सोड्याची पुडी फळीवरच राहू दिली. जानरावांनी पहिला घास तोंडात घेतला, कडकड चावला, ताटाकडे पाहिलं आणि गिऱ्हाइकाचं नाव काढलं नाही.

पुढे त्यांच्या घरी हाच रिवाज पडला. रात्रीचं वरण घरच्या पाण्याचं. आणि दुपारी, जानराव फॅक्टरीत असताना, चुलीवर एक लहानसं पातेलं चढायचं, नदीपलीकडच्या पाण्याचं, एकटीपुरतं.