परबवहिनींच्या छताची ओल

चहाचा कप आधी खाली ठेवा. ठसका लागून तुमचा शर्ट खराब झाला तर त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटायचं. आमच्या टॉवरमध्ये सध्या तशीच पद्धत आहे. आणि खरं सांगू? मला तक्रार करायला तोंड नाही.

माझा धंदा तुम्हाला माहीत आहे. लोकांच्या घरातली ओल शोधतो. दादर, परळ, गिरगाव, कुठेही भिंतीला पोपडे धरले, कपाटामागे बुरशी आली, की मला फोन येतो. मी जातो, प्लास्टरवर टिचक्या मारतो, दोन सुयांचा मीटर भिंतीत टोचतो. तो आकडा दाखवतो, ओल जास्त लागली की पिपाणीसारखा ओरडतो आणि मी चेहरा गंभीर करून सांगतो, "पाणी तिकडून येतंय." पंचवीस वर्षं हेच करतोय. एकदाही चुकलो नाही, असं परवापरवापर्यंत छातीठोकपणे सांगत होतो.

लालबागला आमची चाळ होती तिथे आता बावीस मजल्यांचा टॉवर आहे. मी सातव्यावर, माझ्या बरोबर खाली सहाव्यावर परबवहिनी. चाळीत आमचं दाराला दार होतं, आता माझी लादी तिथे त्यांचं छत. एका सकाळी त्यांचा फोन आला.

"भावोजी, जरा खाली येवा. आतल्या खोलीत वर काळां-काळां काय झालां आसा, तां बगा."

गेलो. छताच्या कोपऱ्यात पोळपाटाएवढा डाग. कडेला पिवळा, मध्ये काळी लव धरलेली. असले डाग मी हजारांनी पाहिलेत, त्यामुळे मला काही वाटलं नाही. पण डागाच्या अगदी शेजारी छताला एक नवी कोरी कडी ठोकलेली दिसली.

"ही कसली कडी?"

"पाळण्याची," वहिनी म्हणाल्या आणि पलंगावर बसल्या.

त्यांची मुलगी वैशाली. लग्नानंतर नऊ वर्षांनी बाळ झालं होतं, तेही दिवस भरायच्या आत. जीव एवढासा. अजून हॉस्पिटलातच होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, घरी न्याल ती खोली कोरडी हवी, बुरशीचा वाससुद्धा नको, बाळाची छाती नाजूक आहे. तीन आठवड्यांनी सोडणार होते. खोली कोरडी नसेल तर वैशाली बाळाला घेऊन थेट सासरी नाशिकला जाणार.

"नऊ वर्षां वाट बघितलंय, भावोजी. आणि आता ह्या डागापायी माझी नात नाशकाक जातली?"

"वहिनी, मी कशाला बसलोय? पंधरा दिवसांत कोरडं करून देतो."

हे कोण बोललं? मी बोललो! कोणी विचारलंसुद्धा नव्हतं, किती दिवस म्हणून.

आता ओलीच्या धंद्यातला पहिला धडा म्हणजे डागाच्या वर काय आहे ते बघायचं. वर काय? वर मी. लगेच वर गेलो, माझ्या आतल्या खोलीत बरोबर त्या जागी मीटर लावला. कपाटाखालची लादी, कोरडी ठणठणीत. आकडा हललासुद्धा नाही. झालं! चार मिनिटांत स्वतःची चौकशी केली आणि स्वतःलाच निर्दोष सोडलं.

मग राहिलं कोण? पहिला नंबर वहिनींचा.

"तुम्ही आतल्या खोलीत कपडे वाळत घालता. हवा खेळत नाही. शिवाय स्वयंपाकाची वाफ. भात झाकण न ठेवता शिजवता."

"मगे भात काय चोरून शिजवू?"

पण नातीसाठी त्या काहीही करायला तयार होत्या. दोरी सोडली आणि कपडे बाहेर पॅसेजमध्ये गेले. तिसऱ्या दिवशी लिफ्टचं दार उघडलं की समोर नऊवारी फडफडायला लागली. सोसायटीचे सेक्रेटरी तिच्यात गुरफटले आणि चष्मा सापडेपर्यंत आठव्या मजल्यावर पोचले. इकडे भात झाकण ठेवून शिजत होता. डाग पोळपाटाएवढा होता तो परातीएवढा झाला.

म्हटलं, आता शास्त्र वापरायला हवं. पाणी सरळ खाली येतं हा सामान्य माणसाचा समज. पाणी पाइपाच्या कडेने चालत जातं, वळसे घेतं. सातव्यावर कोरडं आहे ना? मग ते आठव्यावरून येतंय!

आठव्यावर कांबळे सर. पोयबावडीजवळच्या शाळेत जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेले. एकटे बसून अजूनही पाठ्यपुस्तकातली उदाहरणं सोडवतात, सवय मोडू नये म्हणून. मी गेलो, जयभीम घातला आणि कागदावर पाइपांचं चित्र काढून अर्धा तास व्याख्यान दिलं.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे साटम, पाणी माझ्या न्हाणीघरातून निघतं, तुमचं घर बरोबर टाळतं आणि वहिनींकडे उतरतं?"

"अगदी बरोबर."

"पाण्याला तुमच्याबद्दल इतका आदर आहे?"

"सर, हा तांत्रिक विषय आहे."

असं म्हणालो हो मी! त्या माणसाला! ज्यांनी माझ्या मेहुण्याला दहावीत वर काढला!

सर हसले. म्हणाले, "बाळाचा प्रश्न आहे ना? फोडा."

फोडलं. न्हाणीघराच्या अकरा लाद्या काढल्या. आठवडाभर सर टॉवेल आणि साबणाची डबी पिशवीत घालून आंघोळीला डिलाईल रोडला बहिणीकडे जात होते. वाटेत भेटले की मीच मान वळवत असे. आणि लाद्यांखाली काय निघालं? रखरखीत कोरडी वाळू. चिमणीलाही चोच ओली करता आली नसती.

"सुकलं असेल," मी म्हणालो.

"वाळवंटासारखं," सर म्हणाले.

आता जेमतेम आठ दिवस उरले.  वहिनी रोज स्टुलावर उभ्या राहून काळी लव पुसायच्या, आणि दुसऱ्या दिवशी ती परत यायची. वैशालीचा फोन आला की म्हणायच्या, "भावोजी बघतत, होतला." मी शेजारी उभा असलो की उगाच मीटरच्या सुया पुसायला लागायचो.

शेवटी शोध लावला तो कांबळे सरांनी. पेन्सिल घेऊन ते वहिनींकडे गेले आणि सकाळ-संध्याकाळ डागाच्या कडेने रेघ मारून वेळ लिहायला लागले. चार दिवसांनी मला बोलावलं.

"हे बघा. संध्याकाळी डाग रेघेच्या आत असतो, सकाळी सात वाजता रेघेच्या बाहेर. रोज. म्हणजे कोणीतरी दररोज पहाटे कुठेतरी पाणी सोडतंय."

"कोण असेल मेलो?" वहिनी म्हणाल्या.

"उद्या इथेच उभं राहून बघू," सर म्हणाले. "साटम, साडेपाचला मीटर घेऊन या."

"साडेपाचला नको सर, तेव्हा माझं पाणी भरायचं असतं. पावणेसहाला येतो."

"चालेल."

आता मला सांगा, तिथे तीन शहाणी माणसं उभी होती की नाही? एक गणिताचे मास्तर, एक ओलीचा तज्ज्ञ आणि एक अख्ख्या चाळीला नजरेच्या धाकात ठेवलेली बाई. तिघांपैकी एकाच्याही कपाळावर आठी पडली नाही. पडणार कशी? गिरणगावात वाढलेला माणूस पहाटे पाणी भरतो यात शंका घेण्यासारखं काय आहे? त्या वेळी तो श्वासही घेतो, त्याची कोण चौकशी करतं?

दुसऱ्या दिवशी मला जाग यायला जरा उशीर झाला. नळ सोडला, आणि घड्याळ पाहतो तर पावणेसहा वाजून गेलेले. तसाच बनियनवर मीटर घेऊन खाली पळालो. आतल्या खोलीत सर पेन्सिल घेऊन सज्ज, वहिनींच्या हातात बॅटरी. मी स्टुलावर चढलो, सुया टोचल्या. आकडा स्थिर. दोन मिनिटं गेली, पाच गेली. आणि एकदम मीटर ओरडायला लागला! आकडा डोळ्यांदेखत वर! डागाच्या मधोमध एक थेंब फुगला आणि टपकन माझ्या कपाळावर पडला.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पंचवीस वर्षांत चोर असा रंगेहाथ पकडला नव्हता.

"बघा!" मी स्टुलावरून ओरडलो. "आत्ता! ह्या क्षणी! कोण बेअक्कल माणूस नळ उघडा टाकून गेलाय वर?"

सरांनी पेन्सिल कानामागे खोचली आणि माझ्याकडे पाहिलं. वहिनींनी बॅटरी छतावरून हळूहळू खाली आणली आणि माझ्या तोंडावर धरली.

"भावोजी," त्या म्हणाल्या, "तुमचा पाणी भरून झाला?"

स्टुलावरून मी कसा उतरलो ते आठवत नाही. लिफ्टची वाट न बघता जिना चढलो, मागून सर आणि वहिनी. दार उघडलं तर स्वयंपाकघरात पाणीच पाणी, रॉकेलची जुनी चिमणी कधीची माळ्याखाली ठेवली होती ती तरंगत होती. नळ धो धो वाहत होता. सरांनी पुढे होऊन बंद केला. डागाच्या वर माझं कपाट होतं हे खरं, पण कपाटामागच्या भिंतीपलीकडे हेच स्वयंपाकघर. तिकडे मी मीटर नेलाच नव्हता.

 कोपऱ्यात काय होतं ते त्यांनी पाहिलं. नळाखाली स्टीलचं मोठं पिंप, शेजारी ओळीने मांडलेले दोन हंडे आणि तीन कळश्या, त्यांच्यावर ताटल्या. सगळं काठोकाठ. आणि ओट्यावर एक कप, एक ताट.

माझी बायको मंदा. तिला जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. चाळीत पहाटे तासभर पाणी यायचं, ती उठून भरायची. टॉवरमध्ये चोवीस तास पाणी आलं, तरी ही भरायचीच. "नळाचा काय भरवसा?" म्हणायची. कालचं शिळं पाणी ओतायचं, ताजं भरायचं. आणि पिंप भरून वरून सांडल्याशिवाय नळ बंद करायचा नाही, सांडलं तरच भरलं, असा तिचा हिशेब. चाळीत पिंप मोरीत असायचं, सांडलेलं निघून जायचं. इथे कुठली मोरी? त्यावरून मी तिला पुष्कळ बोललोय.

ती गेल्यावर पहिल्या सकाळी साडेपाचला जाग आली. घरात कसलाच आवाज नव्हता. मी उठून नळ सोडला.

तेव्हापासून रोज. सांडलेलं फडक्याने टिपून घेत होतो, लाद्यांच्या फटींतून खाली काय जात होतं त्याचा विचारही मनात आला नाही. दुसऱ्याच्या घरी हे पाहिलं असतं तर दारातूनच ओरडलो असतो. पण याला मी गळती म्हणतच नव्हतो ना!

हे सगळं मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही. नुसता बनियनवर उभा राहिलो. वहिनींनी लुगड्याचा काष्टा खोचला, फडकं उचललं आणि खाली बसून पाणी टिपायला लागल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ह्ये गेले तरी मी नाय ह्यांचो चष्मो रोज पुसून ठेवत? फरक इतकोच, चष्मो गळत नाय."

सरांनी विजारीचे पाय दुमडले आणि बादली धरली.  बादली भरल्यावर बोलले. "गृहीतकच चुकलं साटम. पुढची रीत सुंदर होती. पण मार्क शून्य."

पुढच्या दिवसांत माझी लादी फोडली, खाली पंखे लावले, बुरशी खरवडली, रंग दिला. सरांच्या अकरा लाद्या मी स्वतः बसवल्या, तोवर माझं न्हाणीघर सरांना दिलं आणि पिशवी घेऊन आंघोळीला बाहेर जाण्याची पाळी माझी. सेक्रेटरींना लेखी अहवाल हवा होता, नऊवारीचा राग अजून गेला नव्हता. मी प्रामाणिकपणे लिहून दिला आणि त्यांनी तो लिफ्टजवळच्या फळ्यावर लावला. ओलीचे ठिकाण: सहावा मजला. ओलीचे कारण: सातव्या मजल्यावरील रहिवासी. रहिवाशाचा व्यवसाय: ओल तपासनीस.

बाळाला हॉस्पिटलने चार दिवस जास्त ठेवून घेतलं, त्या चार दिवसांनी मला वाचवलं. खोली कोरडी झाली. वैशाली मुलीला घेऊन आली ती थेट लालबागला. पाळणा कडीला लागला तेव्हा वहिनींनी आधी मला मीटर लावायला लावला आणि आकडा सरांना वाचायला लावला. माझ्या वाचण्यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता.

मी पिंप उपडं करून ठेवलं. पण साडेपाचला जाग येणं काही थांबेना. पलंगावर बसून राहायचो. चौथ्या का पाचव्या दिवशी पहाटेच बेल वाजली. दारात वहिनी.

"भावोजी, खाली येवा. बाळाच्या न्हाणाचा पाणी कोण भरतला?"

घरी गिझर आहे. पण बाळाला गिझरचं पाणी चालत नाही असा वहिनींचा कायदा आहे. मोठं तपेलं भरायचं, निरगुडीचा पाला टाकून गॅसवर तापवायचं. तेव्हापासून रोज पहाटे मी खाली जातो आणि तपेलं भरतो.

फक्त नळाजवळ मला एकट्याला सोडत नाहीत. वहिनी नातीला दुपट्यात गुंडाळून आणतात, शेजारी परडीत ठेवतात आणि तिला बजावून सांगतात, "आजोबांवर लक्ष ठेव गो. सांडला तर रड."

पंचवीस वर्षांच्या अनुभवावर देखरेख करायला तीन महिन्यांची बाई नेमली आहे. आणि काय सांगू, ती रोज एकदा तरी रडते.