उन्हात वाचायची वेबसाइट

आपल्या गावच्या दुकानाची किंवा संस्थेची वेबसाइट तुम्ही कधी भर उन्हात उभं राहून वाचली आहे का? पंख्याखाली नव्हे. उन्हात.

माझा एक मित्र वाचायला लावायचा. मोताळ्यात बियाण्यांच्या दुकानावर त्याची खोली होती, तिथं तो वेबसाइट बनवायचा. गिऱ्हाईक आलं की "जयभीम, बसा" म्हणायचा आणि बसू मात्र द्यायचा नाही. "चाला खाली." रस्त्यावर नेऊन त्याच्या हातात एक तडा गेलेला स्वस्त मोबाइल द्यायचा. "वाचा." वाचता आलं नाही की म्हणायचा, "मंग तुमच्या गिऱ्हाइकाले कसं वाचता येईन?"

एका शाळेच्या संस्थाचालकांना पहिल्याच पानावर पळती अक्षरं, संगीत आणि स्वतःचा हार घातलेला फोटो हवा होता. "साहेब, लेकराच्या बापाले फोन नंबर पाहिजे. अन् हार घातलेला फोटो पाहून लोक भलतंच समजतीन." काम गेलं. यानं चहा मागवला.

हा ताठा कुठून आला ते मी पाहिलं आहे. सांगताना आजही मान खाली जाते.

त्याचं पहिलं काम धामणगाव बढ्याच्या बचत गटाचं. बाया मसाला, पापड करायच्या. त्याची मायही त्यांच्यातच. मी चळवळीची पत्रकं लिहिणारा, म्हणून मजकूर माझ्याकडं. पांढऱ्या पानावर त्यानं फिकट करडी अक्षरं ठेवली, शहरी वेबसाइटवर असतात तशी. दाखवायला गेलो तेव्हा बाया अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. मायनं हात पुसले, मोबाइल घेतला, वर पदराची सावली धरली. अक्षरं काही दिसेनात. चेहरे मात्र दिसले.

"ह्या कोन बाया हायेत रे?"

फोटो त्यानं इंटरनेटवरून घेतले होते. गोऱ्या, इस्त्रीच्या साड्यांतल्या, रिकाम्या सुपाकडं पाहून हसणाऱ्या.

"नमुन्याच्या हायेत माय. चांगलं दिसते म्हनून."

"ह्या मिरची कांडतेत?" शेजारची बाई म्हणाली. "मंग खोकलून काऊन नाही राह्यल्या?"

सगळ्या हसल्या. माय हसली नाही.

"माया चेहऱ्यात काय खोट होती बापा?"

परतताना मोटरसायकलच्या आरशात त्यानं माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही.

मग त्यानं सगळं पाडून नव्यानं बांधलं. अक्षरं काळी, मोठी. प्रत्येकीचा फोटो तिच्या अंगणात, तिखटानं लाल झालेल्या हातांसकट. सगळ्यांनी दिला. मायनं नाही. "राहू दे. नमुन्याचीच लाव."

तिच्या नावावर त्यानं रिकामी चौकट ठेवली. लोक फोन करायचे, "एक फोटो उघडून नाही राह्यला भाऊ." तो म्हणायचा, "माहीत हाये. ती जागा मायची हाये."

मी मात्र जळजळीत पत्रक लिहिलं. बाजारानं आपले चेहरे चोरले, शहरानं आपल्याला आपलीच लाज वाटायला शिकवलं. शब्द न् शब्द आजही खरा मानतो. त्यानं ते वाचलं आणि मथळ्यावरच्या चित्रावर बोट ठेवलं. "ही मूठ कोनाची हाये बे?"

मूठ मी इंटरनेटवरूनच घेतली होती. गुळगुळीत, सांध्यांवर एकही भेग नसलेली.

आता खोली बंद आहे. तो पुण्याला एका कंपनीत डिझायनर झाला. तिथं पडदे मोठे आहेत आणि उन्हात वाचून पाहायला कोणी खाली उतरत नाही, असं फोनवर सांगतो. मग इकडचं तिकडचं बोलून शेवटी विचारतो, "मायले फोटोचं विचारलं का?"

मी विचारतो. माय मिरच्या उलटत म्हणते, "त्याले म्हना, येऊन विचार."

हा निरोप मी पोचवतो. त्याला यायला गाडी आहे, रजाही मिळते. नाही येत. चौकट अजून रिकामी आहे.

वाचकांनो, एक काम करा. तुमच्या गावची वेबसाइट उन्हात उघडा आणि ती ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्या हातात द्या. आपण गप्प राहा. त्यांना त्यात स्वतःचा चेहरा सापडला नाही, तर तो मागायला स्वतः जा. निरोप पाठवू नका.