मुठीवरचा हात

सुरतेतल्या नवागामच्या एका गल्लीत सुकदेव पाटील घरातून एका दमात बाहेर पडला, असं कोणी कधी पाहिलं नाही. चप्पल घालायची, दहा पावलं चालायची, परत येऊन गॅसचं बटण पाहायचं. पुन्हा निघायचं, आणि कोपऱ्यावरून परत येऊन विजेच्या प्लगला हात लावायचा. बायको सखुबाई घरातच साडीवर खडे चिकटवत बसलेली असे. बटण तिनेच बंद केलेलं असे. पण तिच्या सांगण्यावर त्याचा विश्वास बसायचा नाही, आणि स्वतःच्या डोळ्यांवरही कोपऱ्यापर्यंतच बसायचा. समोरच्या ओट्यावरच्या बायका त्याच्या फेऱ्यांवर हसत. माणूस मात्र भला. व्यसन नाही, कुणाशी वाद नाही. नुसता भित्रा होता, आणि आपल्या भित्रेपणाला तो सावधपणा म्हणायचा. तसं आपण सगळेच म्हणतो. याचं जरा अती होतं, एवढंच.

याला कारणही होतं. पारोळ्याकडचं गाव सोडून तो सुरतेला आला तेव्हा विशीचा होता. डिंडोलीजवळच्या एका खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या शेडमध्ये, कारीगर म्हणून लागला. आठ वर्षांपूर्वी शेजारच्या मागावरचा धोटा उडाला. धोटा म्हणजे ताण्याच्या उभ्या धाग्यांतून बाणासारखा इकडून तिकडे पळणारा लाकडाचा तुकडा, दोन्ही टोकांना लोखंडी टोकं. तो सुकदेवच्या कानाजवळून वीतभर अंतरावरून गेला आणि भिंतीचं प्लास्टर फोडून खाली पडला. सुकदेवला खरचटलंही नाही. पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि सुकदेव तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागला. मागाचा आवाज जरा बदलला की याचा हात मुठीवर. मूठ ओढली की माग बंद. मग वाकून बघायचं, धोट्याला ढकलणारा चामड्याचा पट्टा चाचपायचा, धोटा काढून फिरवून पाहायचा. दहातल्या नऊ वेळा काही नसायचं. कारीगर हसायचे. मास्तर, म्हणजे खात्यावर देखरेख करणारा माणूस, हिंदीत विचारायचा, "क्या हुआ सुकदेव, भूत दिखा?"

सगळ्यात जास्त हसायचा धुडकू. हा त्याच्याच गावचा, त्याच्याच वयाचा. एकाच गाडीने दोघं सुरतेला आले होते. समोरासमोरचे माग दोघांकडे, मध्ये हातभर रुंदीची वाट. खात्यात कानाला तोंड लावलं तरी बोलणं ऐकू येत नाही, म्हणून सगळा कारभार डोळ्यांनी आणि हातांनी चालतो. सुकदेवने माग थांबवला की धुडकू दोन्ही हात जोडून त्याला नमस्कार करायचा.

घरात ही भीती मयुरीच्या वाट्याला आली. मुलगी बावीस वर्षांची, पर्वत पाटिया भागात साड्यांच्या दुकानात कामाला. तिला मोपेड घ्यायची होती. सुकदेव वर्षभर नाही म्हणत राहिला. ट्रक असतात, बीआरटीएसच्या बस असतात, पावसात रस्ता निसरडा असतो. पाऊस संपल्यावर म्हणाला, उन्हात चक्कर येते.

"पप्पा, ही काळजी नाहीये," मयुरी एक दिवस म्हणाली. "बीक छे, नुसती भीती. तुम्हाला कुठला ट्रक दिसला का? ब्रेक खराब आहे असं कुणी सांगितलं का? डोळ्याला दिसलं, कानाला ऐकू आलं, नाकाला वास आला, तर सावध व्हायचं. नुसतं मनात आलं तर पाणी प्यायचं आणि कामाला लागायचं."

पोरगी बोलली ते त्याच्या मनाला लागलं. कारण ते खरं होतं. त्याने मोपेडला होकार दिला. पहिल्या दिवशी ती संध्याकाळी परत येईपर्यंत त्याच्या घशाखाली भाकरी उतरली नाही. पण ती आली. दुसऱ्या दिवशीही आली. पंधरा दिवसांत सुकदेवला असं हलकं वाटू लागलं की विचारू नका. तो गॅसचं बटण एकदाच पाहून निघू लागला. ओट्यावरच्या बायकांची करमणूक गेली.

मग तो खात्यातही तेच करू लागला. आवाज बदलला असं वाटलं की स्वतःला विचारायचा, ऐकलं की मनात आलं? आता यात एक गोम होती, आणि ती मयुरीला ठाऊक असायचं कारण नव्हतं. तीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढलेल्या माणसाचे कान घरी झोपल्यावरही वाजत असतात. काय बाहेरचं आणि काय आतलं, हे त्याच्या कानांना नीट सांगता येत नाही. पण सुकदेव आता धीट झाला होता. नव्या धिटाईची नशा मोठी असते. सलग अठरा दिवस त्याने एकदाही माग मध्येच थांबवला नाही. मास्तर त्याच्या पाठीवर थाप मारून गेला.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास मागाच्या खटाक-खटाकमागे एक चिरका आवाज आला. बारीक, पट्टा ताणल्यासारखा. सुकदेवचा हात सवयीने मुठीवर गेला. क्षणभर तिथे थांबला. परत आवाज आला. 'बीक छे,' त्याने मनात म्हटलं, आणि हात मागे घेतला. त्याला स्वतःचा अभिमानही वाटला.

तेवढ्यात धुडकू सुकदेवच्या मागाच्या कडेला ठेवलेल्या खोक्यातून सुताची कांडी घ्यायला वाकला. चामड्याचा पट्टा तुटला, धोटा उडाला आणि धुडकूच्या डाव्या डोळ्यावर बसला.

डोळा गेला. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं.

खात्यात मास्तरने सगळ्यांसमोर निवाडा केला, की पट्टा जुना होता आणि धुडकूने मागाच्या कडेला वाकायला नको होतं. कुणी सुकदेवला काही विचारलं नाही. तो आवाज फक्त त्यालाच ऐकू आला होता. घरी त्याने सखुबाईला सांगितलं, तर तिने कामावरचे हात थांबवले आणि म्हणाली, आता बोलून त्याचा डोळा परत येणार आहे का? उलट त्याच्या जिवाला घोर लागेल. गप्प राहण्यातच शहाणपण. सुकदेवला ते पटलं. फार लवकर पटलं, आणि इतक्या लवकर पटलेल्या गोष्टीवर माणसाने जरा संशय घ्यावा, पण त्याने घेतला नाही.

दर रविवारी तो केळी घेऊन धुडकूकडे जायचा, खाटेच्या कडेला बसायचा आणि परत यायचा. रस्ताभर ठरवायचा, आज सांगायचं. दारात पोचला की वाटायचं, आज त्याचं डोकं दुखत असेल. पुढच्या रविवारी वाटायचं, पाहुणे आलेत. त्याच्या पुढच्या रविवारी पाहुणे नव्हते, डोकंही दुखत नव्हतं, तेव्हा त्याने चहा पिऊन निरोप घेतला. इकडे तो मयुरीलाही मोपेडवरून जाऊ नको म्हणेना आणि जा म्हणेना. ती विचारायची, तो नुसता बघत राहायचा. त्याच्या आत काही उरलंच नव्हतं ज्याच्यावर भरवसा ठेवावा.

पाचव्या रविवारी तो गेला तेव्हा धुडकूची बायको सुनंदा स्वयंपाक करता करता बोलत होती. महिनाभर ती तेच बोलत होती. वाकायची काय गरज होती? कांडी जरा लांबून घेता आली नसती? तीस वर्षं झाली, एवढीही अक्कल नाही? बोलता बोलता ती रडायला लागली. धुडकू खाटेवर मान खाली घालून बसला होता. "मन्हीच चूक शे," तो म्हणाला. "मी वाकालेच नको व्हतं."

आपण याच्या जिवाला जपत नव्हतो, आपली कातडी जपत होतो, हे सुकदेवला लख्ख कळलं. केळ्यांची पिशवी हातातच होती.

"धुडकू, मी तुले काही सांगस," तो म्हणाला. "माले आवाज आयकू उना व्हता. दोनदा. तरी मी मशीन बंद कयं नही. माले वाटनं, मन्हं भेव शे, आवाज नही."

सुनंदाचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिने उलटली नाही. धुडकूने मान वर केली आणि उरलेल्या डोळ्याने सुकदेवकडे पाहिलं.

"मी देखं व्हतं," तो सावकाश म्हणाला. "तुन्हा हात मूठवर गया. मंग मांगे उना. माले वाटनं, सुकदेवनी आयकी लिधं, सगळं बराबर शे. म्हनीसन मी वाकनू."

सुकदेवने स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

"तुले काय वाटस, आम्ही नुसता हसूत?" धुडकू म्हणाला. "आठ वरीस झायात. खातामां समदा तुन्हा हातकडे देखीसन काम करतस. तुन्हा हात मूठवर गया का कोनीच तठे वाकत नही. हसाले हसतस, पन देखतस."

सुनंदाने भाकरी काढून बाजूला टाकली आणि नवी थापायला घेतली. आता ती नवऱ्याला काही बोलत नव्हती. सुकदेव उठला, पिशवी खाटेवर ठेवली, दाराशी गेला.

"सोमवारपाईन मी कामवर येसू," मागून धुडकू म्हणाला. आवाजात राग नव्हता. "मास्तरले सांगसू, मन्ही जागा बदली दे. तुन्हा समोर नको."

सुकदेवने त्या बोलण्यात भीती शोधून पाहिली. ती असती तर त्याला बरं वाटलं असतं, समजूत घालता आली असती. पण ती नव्हती. धुडकूच्या जागी तो असता तर त्यानेही हेच मागितलं असतं. त्याने मान हलवली आणि तो पायऱ्या उतरून रस्त्याला लागला.