चिंचेला टिकणारी अक्षरं

कसबा पेठेत पितळेवर लेझरनं नावं उमटवून देणाऱ्या एक बाई आहेत. कोपऱ्यात निळसर फूल असलेली आमच्या दारावरची पाटी त्यांनीच केली. आईनं ती देवाच्या भांड्यांबरोबर चिंचेनं घासली आणि काळी अक्षरं पुसट झाली. मी पाटी परत नेली.

"आईला सांगतो, घासू नकोस म्हणून."

"अहो, पितळ आहे, त्या घासणारच. अक्षरं टिकायला हवीत." त्यांचं वाक्य संपलं की पुढं बोलायला जागा उरत नाही.

मग कितीतरी दिवस त्या लेझरचा वेग आणि ताकद बदलून पितळेच्या तुकड्यांवर रंग उमटवत होत्या आणि प्रत्येक तुकडा स्वतः चिंचेनं घासत होत्या. त्यांची बोटं सोलवटली होती.

शेवटी नवी पाटी घेऊन त्या कर्वेनगरला आमच्या घरी आल्या. आईपुढं ठेवून म्हणाल्या, "घासा. जोर लावून."

आईनं मनापासून घासली. नाव काळंभोर राहिलं. कोपऱ्यातलं निळसर फूल मात्र किंचित फिकटलं.

"एवढंसं चालतं हो," आई म्हणाली.

बाईंनी पाटी पुसून पिशवीत घातली. "फुलाचं काम राहिलंय अजून," म्हणाल्या आणि चपला घालून जिना उतरू लागल्या.